दोन आठवड्यांचं शिक्षण

जुलैचा बर्फ. सेमोन्कॉन्गची वाट बुजलेली,
नर्सबाई खिंडीपलीकडे अडकलेल्या,
आणि त्सेलिसो दारात उभा, पायांत बापाचे गमबूट, ओठ निळे:
"थाकाने, चल. वहिनीला कळा सुरू झाल्यात."

येते, म्हणाली थाकाने.
म्हणाली खरं,
आणि ब्लँकेटला पिन लावताना
तीनदा बोटात टोचून घेतली.

तट्टू चालू लागलं तसं तिनं भांडण काढलं.
मोठ्यानं नाही. पोरगा पुढं कंदील घेऊन चालत होता.
मोलिमो, देवा, माझ्या नावात काहीतरी घोटाळा झालाय तुझा.
माझं शिक्षण दोन आठवड्यांचं.
त्यातला एक दिवस मी तापानं फणफणले होते
आणि नेमका तोच पायाळू बाळाचा दिवस.

हो, तो म्हणाला. तुझ्या उशाशी होतो तेव्हा.

परीक्षेत मी कापडी बाहुलीची मान मुरगळली.
अख्खा वर्ग हसला.

हो. मीही थोडा हसलो.

हात थरथरतात माझे. आईचेही थरथरायचे,
चहा कपात कमी, बशीत जास्त.

तो चहा मला ठाऊक आहे.

मग दुसरं कुणी पाठव ना!
मालिनेओ म्हातारीनं अर्धं गाव या जगात आणलंय—

म्हातारीला आता दिसत नाही, थाकाने.

यावर काय बोलणार?
ओढ्याशी तट्टू अडलं. काठाला बर्फाची काच,
खाली पाणी काळं, कुणाचं काही ऐकून न घेणारं.
ती उतरली. म्हणाली, मी परत जाते.

तो रागावला नाही.
समजूतही घातली नाही.
नुसता थांबला,
जसं कुणी बाहेर लगाम धरून थांबतं
आतलं माणूस चौथ्यांदा कुलूप ओढून बघत असताना.

पलीकडे त्सेलिसोनं कंदील उंच धरला होता.
त्याचा हात दुखला असणार. त्यानं तो बदलला.

बऱ्याच वेळानं ती पाण्यात शिरली, तट्टाला ओढत.
आहेस का?
आहे.
गुडघ्यापर्यंत पाणी. आहेस?
आहे.
चढावर पुन्हा. कड्याच्या वळणावर पुन्हा.
अंधारात लहान मूल आईला हाक मारून बघतं
तसं, काही काम नसताना.
"काही म्हणालीस?" पोरगा वळला.
"नाही रे. बघ पुढं."

तू करशील, असं तो एकदाही म्हणाला नाही.
तिच्या ते ध्यानात आलं होतं.
पण 'आहे' म्हणायला तो कंटाळलाही नाही;
शेवटचं 'आहे' पहिल्याइतकंच ताजं,
नुकतीच भाकरी थापल्यासारखं.

गोल झोपडीत शेणीचा धूर, डोळ्यांत पाणी.
न्तेबोहेलेंग भिंतीला पाठ लावून,
सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन.
आणि बाळ पायाळू नव्हतंच.
वाटभर जिची धास्ती घेतली ती गोष्ट आलीच नाही,
आली दुसरी: नाळ, मानेभोवती, एक वेढा.

हे नवव्या दिवशी शिकवलं होतं.
नवव्या दिवशी ती हजर होती.

हात थरथरतच होते. तिनं ते थांबायची वाट पाहिली नाही.
बोट घातलं, वेढा सैल केला,
डोक्यावरून काढला, जसा बाईच्या गळ्यातून
केसात अडकलेला मण्यांचा सर काढतात.
मग एक क्षण काहीच नाही.
काहीच नाही.
मग मुलगी रडली,
आणि सासू कुणावर तरी ओरडली, चहा ठेवा म्हणून.

उजाडताना दाराशी बसून
थाकानेनं कप हातात घेतला.
खुळखुळला तो. सांडला.
तिनं आधी बशीतला प्यायला.